अडकलेला ळ

सोमवारी सकाळी ळ अडकला.
म्हणजे ल सुद्धा. एकाच कळेवर राहतात दोघं,
खाली ल, शिफ्ट धरली की ळ.
मी नेहमीसारखी बोटं चालवली
आणि पडद्यावर उमटलं,
आपणास कविण्यात येते की

वॉर्ड ऑफिसात तेवीस वर्षं मी हेच करत आले,
थकलेली पाणीपट्टी, तोडायची जोडणी,
कळवण्याखेरीज दुसरं कामच नाही मला.
हल्ली मनगटात कळ येते,
तीसुद्धा लिहिता आली नसती.
नवा कळफलक मागवायचा तर तीन सह्यांचा अर्ज,
आणि अर्जात कळफलक लिहायचं तर
ळ हवा, ल हवा.

संध्याकाळी तो पिशवीत घालून
खेतवाडीत, आमच्या बिल्डिंगखालच्या
बाबुली मेस्त्रींकडे गेले.
ते पेट्या दुरुस्त करतात.
गणपतीआधीचे दिवस. भजनी मंडळांच्या पेट्या
फुटपाथवर रांगेत, झाकणं उघडी,
दातांच्या डॉक्टरकडे बसल्यासारख्या.

त्यांनी कळफलक उलटा केला, कानाशी हलवला,
मागची बाजू चाचपली.
"ह्येका भातो खंय आसा?"
भाता नाही, म्हटलं.
"मगे वारो खयसून येता?"
वाराही नाही. वीज आहे, तीही चिमूटभर.

त्यांनी एका पेटीची पट्टी काढली, काळी चार,
आणि नुसती टेबलावर दाबून दाखवली.
टक्. लाकूड.
मग जागेवर बसवली.
पुढून दाबली की मागून उठते,
शेपटीखाली चामड्याची झडप,
झडपेखाली भोक,
भोकाखाली पितळेची जीभ.
सूर जिभेचा, वारा भात्याचा.
पट्टी नुसतं दार उघडते,
बोट उचललं की स्प्रिंग ते ओढून घेते.

आमचंही तसंच, मी म्हटलं.
कळेवर ळ छापलाय, आत ळ नाही.
दाबली की दोन तारा एकमेकींना टेकतात,
कुणीतरी आत मोजतं, कितवी ओळ, कितवा रकाना,
आणि एक आकडा वर धाडतं.
त्याला ळ म्हणायचं, हे वर ठरतं.
"म्हणजे तुमच्या हापिसासारख्याच," मेस्त्री म्हणाले.

चिमट्यानं त्यांनी ल उपटला, शेजारचा स उपटला.
स्प्रिंगभोवती साखर.
माझ्याच चहाची, कुठल्या सालची कोण जाणे.
स्पिरिट, कबुतराचं पीस,
शेवटी एक फुंकर.
वारा लागलाच तर.
पैसे विचारले तर म्हणाले,
"पाणीपट्टीत वळते करा."

मंगळवारपासून पुन्हा कळविण्यात येऊ लागलं.

सात महिन्यांनी मी रजेवर असताना
ऋजुता पाष्टे, नवी भरती, माझ्या जागी बसली.
तिनं बघून बघून सवलत टाइप केलं.
लवसत आलं.
"मॅडम, तुमच्या मशीनमध्ये व्हायरस आहे."

व्हायरस नव्हता.
मेस्त्रींनी बसवताना ल च्या जागी स बसवला होता,
स च्या जागी ल.
सात महिने मी खाली पाहिलंच नव्हतं.
बोटाला अक्षर लागत नाही, जागा लागते.
पेटीवर तरी कुठं लिहिलेलं असतं
हा सा, हा रे?

मग खालची ओळ पहिल्यांदा वाचली.
आधी असणार म न व ल स.
त्यातून काही निघत नाही.
आता, डावीकडून,
म न व स ल.
मन व सल.
आणि नाही, व. सरकारी भाषेतला.

ऋजुतानं तीन सह्या करून नवा मागवला.
माझा मी तसाच ठेवलाय.
मेस्त्रींना सांगितलेलं नाही, ओशाळतील.
शिवाय ह्या महिन्याच्या यादीत त्यांचं दुकान आहे,
तीन वर्षांची थकलेली.
नोटीस मलाच काढायचीय.
आपणास क
इथवर येऊन बसलेय.
ळ आता लोण्यासारखा चालतो.